जमिनीचा उच्छ्वास मोजणारा बूसँगो

काही थोर माणसांची ओळख आपल्याला पाठ्यपुस्तकातून होते, काहींची आपल्या स्वतःच्या फजितीतून. झां-बातिस्त बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाशी माझा परिचय झाला तो दुसऱ्या वाटेने. रसायनशास्त्र शिकविण्यात माझी बरीच वर्षे गेली, पण नायट्रोजनच्या धड्यातल्या एका ओळीपलीकडे हे नाव मला ठाऊक नव्हते. त्याचे चरित्र मी वाचू लागलो ते पेडण्याच्या एका झरीपाशी चूक केल्यानंतर. म्हणून आधी ती चूक सांगतो.

पेडणे तालुक्यात माझे आजोळ आहे. गावाचे नाव मुद्दामच देत नाही. गावामागे जांभ्या दगडाचा सडा आहे आणि सड्याच्या उतारावर, जवळजवळ एका सरळ रेषेत, चार-पाच झरी आहेत. आमचे भूगर्भशास्त्राचे एक स्नेही, जे आपल्या नियतकालिकाच्या कन्नड विभागात नेहमी लिहितात, एकदा माझ्याबरोबर तिथे आले. झऱ्यांची ती ओळ पाहून ते थबकले. खडकाला भेग पडून तिच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून सरकल्या की त्या भेगेला विभंग म्हणतात, आणि विभंगावर झरे असे ओळीने फुटलेले पुष्कळदा दिसतात, एवढे त्यांनी सांगितले. विभंग जागता असेल, म्हणजे अजून हालचाल करीत असेल, तर काही ठिकाणी खोलातला कार्बन डाय-ऑक्साइड त्या वाटेने वर येतो आणि तो मातीवर मोजता येतो, हेही सांगितले. आपल्या गावी असे काही आहे असे मात्र ते म्हणाले नाहीत. ते मी मनाशी म्हटले.

मोजण्याची रीत अगदी साधी होती. एका बशीत कॉस्टिक सोड्याचे मोजून घेतलेले द्रावण ठेवायचे, ती बशी जमिनीवर ठेवून तिच्यावर एक पातेले पालथे घालायचे, पातेल्याच्या कडा मातीत दाबायच्या आणि चोवीस तास तसेच सोडून द्यायचे. मातीतून निघालेला कार्बन डाय-ऑक्साइड सोड्यात शोषला जातो. मग प्रयोगशाळेत उरलेला सोडा किती हे आम्लाने मोजले की किती वायू आला याचा हिशोब निघतो. बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी बरोबर घेऊन चवथीच्या आदल्या आठवड्यात मी झऱ्यांच्या ओळीवर सहा पातेली पालथी घातली. तुलनेसाठी एक पातेले वरच्या उघड्या सड्यावर ठेवले. झऱ्यांजवळचे आकडे सड्यावरच्या आकड्याच्या कितीतरी पट आले. मला जे हवे होते ते मिळाले.

चवथीला सगळे कुटुंब जमले होते. जेवणानंतर मी ओसरीवर बसून हे सारे रंगवून सांगितले. कोयनेचा विषय निघणे ओघानेच आले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला झालेल्या भूकंपात सुमारे पावणेदोनशे माणसे गेली आणि त्याचा हादरा गोव्यातही जाणवला होता. माझ्या मामीला ती पहाट आठवत होती. माझ्या मामेभावाने त्याच झऱ्यांच्या अंगाला घराचे जोते घालायला घेतले होते, चिरेही येऊन पडले होते. दुसऱ्या दिवसापासून त्याने काम थांबविले. मी परत बेळगावला निघालो तेव्हा गवंडी पैसे मागायला आलेला होता. माझ्या बोलण्याला इतके वजन असेल असे मला वाटले नव्हते.

परतताना डिचोलीला एका विद्यार्थ्याच्या घरी मुक्काम होता. त्यांचे कुळागर आहे: माड, पोफळी, केळी, मिरवेल, आणि खाली पाचोळ्याची मऊ ओलसर बैठक. उरलेल्या सोड्याचा उपयोग व्हावा म्हणून तिथेही एक पातेले घातले. बेळगावला येऊन पाहतो तो तिथला आकडा झऱ्यांवरच्या सर्वांत मोठ्या आकड्याच्याही वर गेलेला. त्या कुळागराखाली विभंग आहे असे कोणीही म्हणणार नाही. मग माझ्या झऱ्यांच्या आकड्याचा अर्थ काय? ग्रंथालयात जुन्या कृषिरसायनाचे एक इंग्रजी पुस्तक होते, त्यात मातीतल्या हवेच्या प्रकरणात बूसँगोचे आकडे सापडले. ते वाचताच माझी चूक मला कळली. ती उलगडण्यापूर्वी हा माणूस कोण होता ते पाहू.

बूसँगो १८०२ मध्ये पॅरिसमध्ये जन्मला. वडील पूर्वी सैन्यात होते, मग लहानसे दुकान चालवीत. आई जर्मन होती. वस्ती गरिबांची, आणि मुलाचे शाळेत मन लागेना. शाळा त्याने अर्धवटच सोडली. पण पॅरिसमध्ये त्या काळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांची व्याख्याने कोणालाही फुकट ऐकता येत. हा पोरगा तिथे मागच्या बाकावर जाऊन बसे. पुढे सेंत एत्येन येथे खाणकामाची शाळा नुकतीच निघाली होती, तिच्यात तो दाखल झाला. पदवी मोठी नव्हती, पण तिथे त्याला तराजू हातात धरता आला. रसायनशास्त्रात पुढे त्याने जे जे केले ते सारे मूलतः तोलण्याचे काम आहे. चमकदार सिद्धान्ताचा हा माणूस नव्हे, आणि बहुधा म्हणूनच त्याचे नाव लीबिगसारखे सर्वतोमुखी झाले नाही. लीबिग वाद जिंकी. बूसँगो वजने लिहून ठेवी.

वीस वर्षांचा असताना त्याला एक विलक्षण संधी आली. दक्षिण अमेरिकेत सिमोन बोलिव्हारने स्पेनची सत्ता उलथून कोलंबियाचे प्रजासत्ताक उभे केले होते. नव्या देशाला खाणी शोधणारी आणि शास्त्र शिकविणारी तरुण माणसे हवी होती. थोर प्रवासी हुम्बोल्ट पॅरिसमध्ये होता. त्याने या मुलाला हेरले, आपली काही उपकरणे कशी वापरावीत ते शिकविले आणि शिफारस केली. १८२२ मध्ये बूसँगो जहाजाने निघाला आणि पुढची दहा वर्षे तो अँडीज पर्वतात होता. बोलिव्हारच्या सैन्यात त्याला हुद्दाही मिळाला. लढाई त्याने फारशी केली नसावी, पण वायुभारमापक पाठीशी बांधून त्याने जेवढे डोंगर पालथे घातले तेवढे थोड्याच सैनिकांनी घातले असतील. त्याच्या आठवणी त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेल्या. त्यांत बोलिव्हारच्या भोवतालच्या मंडळींविषयी इतक्या चुरचुरीत गोष्टी आहेत की इतिहासकार त्या जपून वापरतात. असो.

तिथे त्याने काय काय पाहिले याची यादी मोठी आहे. मार्मातो येथील सोन्याच्या खाणींची देखरेख त्याच्याकडे होती. एक गोष्ट मात्र आपल्याकडील वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. अँडीजच्या काही खोऱ्यांत घरोघरी गलगंड होता आणि काही खोऱ्यांत तो नव्हता. जिथे नव्हता तिथले लोक विशिष्ट झऱ्यांचे मीठ खात. बूसँगोने ते मीठ तपासले, त्यात आयोडीन सापडले, आणि असे मीठ सर्वांना द्यावे अशी सूचना त्याने १८३० च्या सुमारास केली. जग त्या सूचनेकडे वळले ते जवळजवळ शंभर वर्षांनी. आपल्या स्वयंपाकघरातल्या आयोडीनयुक्त मिठाच्या पुडीचे मूळ असे कोलंबियाच्या डोंगरात पोचते.

आपल्या विषयाला महत्त्वाचे आहे ते त्याचे ज्वालामुखींवरचे काम. तोलिमा, पुरासे, पास्तो, कुंबाल अशा ज्वालामुखींच्या तोंडाशी जाऊन त्याने तिथला वायू नळ्यांत भरून घेतला. ही काही सुखाची नोकरी नव्हती. गंधकाच्या वाफेने श्वास कोंडतो, पायाखालची राख सरकते, आणि इतक्या उंचीवर काचेच्या नळीचे तोंड वितळवून बंद करायचे म्हणजे दिवा धड जळत नाही. कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात वायू हलवायचा, किती शोषला गेला ते पाहायचे, उरलेला काय आहे ते तपासायचे: माझ्या पातेल्यातल्या बशीचे हे आजोबाच म्हणायचे. त्याला आढळले की या सर्व ठिकाणी मुख्यतः पाण्याची वाफ, कार्बन डाय-ऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतात. १८३३ मध्ये हे निष्कर्ष पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले.

पण मला त्याहून वेधक वाटली ती किंदियू घाटातली जागा. तिथे ज्वालामुखीचे मुख नाही. साधा अभ्रकी खडक आहे, त्याला भेगा पडलेल्या आहेत, आणि त्या भेगांतून वायू येतो, त्यात बहुतांश कार्बन डाय-ऑक्साइड. भेगांच्या कडेला गंधक साचते, ते खणायला लोक येत, आणि खड्ड्यात फार वेळ वाकून राहिले तर गुदमरत. हा वायू हवेहून जड असल्याने खोलगट जागी साचून राहतो. आपल्याकडे जुनी बुजलेली विहीर उपसायला माणूस उतरविण्यापूर्वी पेटता कंदील सोडतात तो याच भीतीने. खोलातला वायू खडकाच्या भेगेतून थंडपणे, आवाज न करता वर येऊ शकतो, त्याला धुराचा लोट आणि लाव्हा यांची गरज नाही, ही गोष्ट बूसँगोने तिथे स्वतःच्या नाकाने आणि पोटॅशने अनुभवली.

१६ डिसेंबर १८३१ रोजी तो कर्नल हॉल या इंग्रज मित्राबरोबर चिंबोराझोवर चढला आणि सुमारे सहा हजार मीटरपर्यंत पोचला. हुम्बोल्टने हाच डोंगर १८०२ मध्ये, म्हणजे बूसँगोच्या जन्मवर्षीच, चढण्याचा प्रयत्न केला होता. शिष्य गुरूच्या वर गेला, शिखर मात्र दोघांनाही लाभले नाही. अँडीजमध्ये भूकंप नित्याचेच. ते का होतात याविषयीही बूसँगोने १८३५ मध्ये लिहिले. पर्वताच्या पोटातले मोकळे राहिलेले खडक खाली बसतात आणि त्यामुळे जमीन हादरते असे त्याचे मत होते. ते आज टिकलेले नाही. भूपट्टांचे सरकणे त्याच्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. तरी एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगावीशी वाटते: प्रत्येक भूकंप ज्वालामुखीमुळेच होतो हा त्या वेळचा लाडका समज त्याने मानला नाही.

१८३२ मध्ये तो फ्रान्सला परतला. काही काळ लियाँला प्राध्यापक झाला, आणि १८३५ मध्ये त्याने आल्सास प्रांतातल्या ल बेल कुटुंबातल्या मुलीशी लग्न केले. या कुटुंबाची बेशेलब्रॉन येथे शेती होती आणि डांबराची खाणही होती. विद्यार्थिदशा संपताच तो त्या भागात काम करून गेला होता, तेव्हापासूनची ओळख. आयुष्याची दुसरी पाती इथे उलटली. ज्वालामुखी मागे राहिले आणि गहू, बटाटे, शलगम, क्लोव्हर, गाई, शेणखत हे त्याचे विषय झाले. शेतावर प्रयोगशाळा उभारून सारे काही तोलून पाहण्याचा असा उपक्रम पूर्वी कोणी केलेला नव्हता. शेतात किती खत गेले, त्यात कार्बन किती, नायट्रोजन किती; पीक किती निघाले, त्यात काय किती. गाईला दिलेला चारा आणि पाणी तोलायचे, आणि दूध, शेण, मूत्र हेही तोलायचे. घरच्यांना हा जावई चमत्कारिक वाटला असेल.

या तोलण्यातून त्याला १८३८ च्या सुमारास दिसले की क्लोव्हर आणि वाटाणा ही शेंगावर्गीय पिके मातीत नव्हता इतका नायट्रोजन कुठून तरी मिळवितात. गहू आणि ओट तसे करीत नाहीत. आपला शेतकरी भातानंतर चवळी किंवा कुळीथ का घेतो याचे शास्त्रीय उत्तर इथे हाताशी आले होते. आणि ते हातातून निसटले. १८५० नंतर बूसँगोने हाच प्रयोग अधिक काटेकोरपणे करायचे ठरविले. वाळू भाजून शुद्ध केली, काचेच्या बंद पात्रांत रोपे वाढविली, बाहेरचे काहीही आत येऊ दिले नाही. या वेळी नायट्रोजनची काहीच वाढ दिसली नाही. झाडे हवेतला नायट्रोजन घेत नाहीत असा निर्णय त्याने दिला आणि जॉर्ज व्हील या प्रतिस्पर्ध्याशी त्याचा दीर्घ वाद झाला. चूक कुठे झाली? भाजलेल्या वाळूत मुळांच्या गाठींतले सूक्ष्म जीवच मेले होते. पहिला ढोबळ प्रयोग बरोबर होता, दुसरा निर्दोष प्रयोग चुकीच्या दिशेने गेला. हेलरीगेल आणि व्हिलफार्ट यांनी १८८६ मध्ये हे कोडे सोडविले, बूसँगोच्या मृत्यूच्या अगदी आदल्या वर्षी.

राजकारणातही तो थोडा पडला. १८४८ च्या क्रांतीनंतर लोकप्रतिनिधी म्हणून निवडून आला, १८५१ च्या सत्तापालटानंतर बाहेर फेकला गेला. ते बरेच झाले म्हणायचे, कारण याच सुमारास त्याने लेवी या सहकाऱ्याबरोबर ते काम केले ज्यामुळे माझी त्याची गाठ पडली.

प्रश्न साधा होता. हवेत कार्बन डाय-ऑक्साइड किती हे ठाऊक होते: दहा हजार भागांत सुमारे चार. मातीच्या कणांमध्येही हवा असते, तिच्यात तो किती? दोघांनी शेतात सुमारे फूटभर खोल नळी पुरली, माती पुन्हा बसू दिली आणि मग आतली हवा अगदी हळूहळू ओढून घेतली. ही हळूहळू ओढण्याची गोष्ट महत्त्वाची. घाईने ओढले की वरची मोकळी हवा फटीतून खाली घुसते आणि आकडा खोटा येतो. ती हवा बेरियमच्या निवळीतून नेली की कार्बन डाय-ऑक्साइडचा पांढरा साका तळाशी बसतो. तो वाळवून तोलायचा. १८५२ आणि १८५३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभर खत न घातलेल्या शेतातल्या मातीच्या हवेत कार्बन डाय-ऑक्साइड मोकळ्या हवेच्या २२-२३ पट होता. नुकतेच शेणखत घातलेल्या शेतात तो सुमारे २४५ पटींपर्यंत गेला, म्हणजे मातीतल्या हवेचा जवळजवळ दहावा हिस्सा. आणि हा सर्वांत मोठा आकडा ओल्या, पावसाळी दिवसांतला होता. त्याच तऱ्हेच्या रेताड शेतात कोरड्या हवेत तो त्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी होता.

ही ओळ वाचली आणि मला आजोळच्या झऱ्यांवरची गुरे दिसली. पिढ्यान् पिढ्या गावची गुरे त्याच ओळीवर पाणी प्यायला येतात. दुपारी तिथेच सावलीत बसतात. तिथली माती म्हणजे खताने काळी झालेली माती. त्यात भाद्रपदाचा पाऊस. माझे तुलनेचे पातेले कुठे होते? उघड्या सड्यावर, जिथे मातीचा थर बोटभर आणि गवत विरळ. शेणखताच्या शेताची तुलना मी कातळाशी केली होती आणि फरकाला विभंग असे नाव दिले होते. शिवाय सहाही पातेली ओळीवर ठेवली, ओळीला आडवी एकही नाही.

इथे बूसँगोच्या आयुष्याचे दोन भाग माझ्या डोळ्यांपुढे एकत्र आले. किंदियूच्या भेगेतला कार्बन डाय-ऑक्साइड आणि बेशेलब्रॉनच्या शेतातला कार्बन डाय-ऑक्साइड, दोन्ही त्यानेच मोजले. एक पृथ्वीच्या पोटातला, एक मुळांचा आणि कुजणाऱ्या पाल्याचा. पोटॅशला किंवा सोड्याला हा फरक कळत नाही. विभंगावर कार्बन डाय-ऑक्साइड मोजणाऱ्यांची आजची सगळी खटपट या एकाच प्रश्नाभोवती आहे: आलेल्या आकड्यातला जिवंत मातीचा वाटा किती आणि खोलातला किती. बूसँगोने हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून असा प्रश्न विचारलेला माझ्या वाचनात नाही. त्याला तशी गरजही नव्हती. त्याला पीक हवे होते.

आज पातेल्याच्या जागी झाकणासारखे एक पात्र असते. ते जमिनीवर ठेवायचे, आतली हवा अवरक्त किरणांवर चालणाऱ्या मापकातून फिरवायची, आणि दोन-चार मिनिटांत कार्बन डाय-ऑक्साइड किती वेगाने वाढतो ते पाहायचे. त्यावरून दर चौरस मीटरमागे दिवसाला किती ग्रॅम वायू निघतो ते मिळते. विभंगाला आडव्या रेषा आखून त्यांवर ठराविक अंतराने मोजतात, आणि तेही वेगवेगळ्या ऋतूंत. मग कार्बनची जात तपासतात. झाडे कार्बन घेताना हलका कार्बन अधिक पसंत करतात, त्यामुळे मुळांतून व पाचोळ्यातून आलेल्या वायूत जड कार्बनचे प्रमाण भूगर्भातल्या वायूपेक्षा कमी असते. किरणोत्सारी कार्बनही मदतीला येतो: कालपरवाच्या पाल्यात तो असतो, खोलातल्या पुराण्या वायूत नसतो. सोबत रेडॉन आणि हेलियम पाहतात. कोयनेच्या परिसरात मातीतल्या हेलियमची मोजणी झालेली आहे, आणि तिथे भूकंपाच्या मुळाशी पोचण्यासाठी सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्रही घेतले गेले आहे.

आकडा खरोखर खोलातला असतो तेव्हा तो कसा दिसतो याचे उदाहरण कॅलिफोर्नियात आहे. मॅमथ नावाच्या डोंगराखाली १८८९ नव्हे, १९८९ मध्ये बारीक भूकंपांची मालिका झाली, आणि १९९० पासून तिथली झाडे उभीच्या उभी मरू लागली. आधी दुष्काळाला दोष दिला गेला. मग मातीतली हवा तपासली, तेव्हा तिच्यात काही जागी निम्म्याहून अधिक कार्बन डाय-ऑक्साइड निघाला; मुळांना श्वासच घेता येत नव्हता. (सनाचा घोळ मी मुद्दाम तसाच ठेवला आहे, बूसँगोच्या शतकात इतके दिवस राहिल्यावर लेखणी तिकडेच धावते.) माझ्या झऱ्यांवर मात्र आंबे, जांभूळ, भेंडी सारे खुशाल वाढत होते. ते पाहूनच मला शंका यायला हवी होती.

मे महिन्यात मी पुन्हा पेडण्याला गेलो. माती तापून कोरडी झाली होती, गुरे दुसरीकडे नेली जात होती. या खेपेस झऱ्यांच्या ओळीला आडव्या दोन रेषा घेतल्या, प्रत्येक पातेल्याखालची माती शक्य तितकी सारखी निवडली, आणि एक पातेले प्लॅस्टिकच्या ताटावर सीलबंद करून कोरे ठेवले, म्हणजे हाताळताना हवेतून सोडा किती खातो ते कळावे. ओळीवरचे आकडे खाली आले आणि शेजारच्या आकड्यांत मिसळून गेले. खोलातला वायू असता तर मातीतले जीव उन्हाळ्यात मंदावल्यावरही तो येतच राहिला असता, उलट अधिक उठून दिसला असता. आमचे भूगर्भशास्त्राचे स्नेही या वेळी ओढ्याकाठची कडा उकरून पाहत होते. वर जांभा, त्याखाली मऊ चिकण माती. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपते, चिकण मातीवर अडते आणि दोहोंच्या सांध्यावर बाहेर फुटते. सांधा सरळ असला की झरीही सरळ ओळीत. जांभ्याखालची अशी मऊ जमीन किती फसवी असते ते कोकण रेल्वेच्या पेडण्याच्या बोगद्याने साऱ्यांना दाखविलेच आहे. तिथे विभंग नाहीच, असे आमच्या पातेल्यांनी सिद्ध केले नाही. विभंग आहे असे म्हणायला आम्ही जो पुरावा दिला होता तो पुरावा नव्हता, इतकेच. भूकंपाच्या दृष्टीने २००२ च्या भारतीय मानकात गोवा तिसऱ्या विभागात आहे, आणि घर बांधताना तेवढी काळजी कोणत्याही गावात घ्यावीच लागते.

हे सारे मी मामेभावाला ओसरीवर बसूनच सांगितले, जिथे आधीचे सांगितले होते तिथेच. तो काही वेळ गप्प राहिला. मग त्याने एवढेच विचारले की गुरांच्या शेणाचा वायू आणि पाताळातला वायू यांतला फरक कळायला मास्तरांना आठ महिने का लागले. मला उत्तर सुचले नाही. त्याने जोत्याचे काम पावसापूर्वी उरकले, पण गवंडी दुसरा आणावा लागला आणि चिऱ्यांचा भाव मधल्या काळात चढला होता. फरकाची रक्कम मी देऊ केली. ती त्याने घेतली नाही.

बूसँगोचे शेवटचे दिवस सांगायचे राहिले. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला आणि आल्सास जर्मनीच्या ताब्यात गेला. ज्या शेतात त्याने आयुष्यभर तोलले, ते शेत सीमेपलीकडे गेले. सत्तरीच्या घरातल्या माणसाला हा घाव केवढा असेल! १८७८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले. ११ मे १८८७ रोजी पॅरिसमध्ये तो वारला.

त्याला माहीत असण्याचे कारण नव्हते, पण बेशेलब्रॉन ज्या सपाटीवर आहे ती ऱ्हाईन नदीची खचदरी आहे. दोन बाजूंच्या विभंगांमधली जमीन खाली बसून ती तयार झाली. घरची डांबराची खाण, तीही या खचदरीच्याच पोटातली. शेजारच्या सूल्त्स गावी पुढे जमिनीतली उष्णता काढण्यासाठी सुमारे पाच किलोमीटर खोल छिद्रे पाडली गेली, ती विभंगांतून फिरणाऱ्या गरम पाण्याच्या आशेने. अँडीजच्या भेगा सोडून आपण निवांत शेतावर आलो असे त्याला वाटले असेल. आमची सहा पातेली प्रयोगशाळेच्या कपाटात वरच्या खणात आहेत; एकाची कड दगडावर दाबताना वाकली आहे, ते वापरू नये.